कंट्रोलच्या ओळी

माझ्याकडे पीएच.डी. करायला येणाऱ्या मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगते, की शेतातला प्रयोग तिघंजण बिघडवतात: पाऊस, म्हशी आणि मार्गदर्शक. श्रियाचा प्रयोग पहिल्या वर्षी पावसाने बिघडवला, दुसऱ्या वर्षी म्हशींनी. तिसऱ्या वर्षी माझी पाळी होती, हे मला तेव्हा कळलं नाही.

श्रिया टिळकवाडीतली, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहते. वडील वकील, आई शाळेत शिक्षिका. घरात कुणी कधी कुदळ हातात धरलेली नाही, पण ही मुलगी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून मुळांच्या मागे लागली. तिचा विषय म्हणजे मुळांवर राहणारी बुरशी.

बुरशी म्हटलं की आपल्याला लोणच्यावरचा पांढरा थर आठवतो आणि तोंड वाकडं होतं. ही बुरशी त्या जातीची नाही. ती रोपाच्या मुळात शिरते आणि बाहेर मातीत केसाहून बारीक धागे सोडते. मूळ जिथवर पोचत नाही तिथलं पाणी आणि स्फुरद हे धागे ओढून आणतात आणि झाडाला देतात. झाड त्या बदल्यात पानांत तयार केलेली साखर खाली पाठवतं. पाऊस लांबला की अशी झाडं इतरांपेक्षा जास्त दिवस तग धरतात. कॉलेजच्या शेडमध्ये, कुंड्यांत, श्रियाने हे तीनदा दाखवलं होतं. पण कुंड्यांवर आमचं विद्यापीठ डॉक्टरेट देत नाही. शेतात दाखवावं लागतं. तिची शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपणार होती आणि नोंदणीची मुदतही. म्हणजे हाती एकच खरीप उरला होता. तो गेला की सगळंच गेलं.

शेत मिळालं ते निपाणीच्या अलीकडे, हायवेवरून अडीच किलोमीटर आत. मालक भरमू आप्पा, वय पासष्ट-सहासष्ट, बोलणं कमी. त्यांची बायको मालुबाई. सगळा गाव त्यांना आक्का म्हणतो, श्रियाही म्हणायला लागली. मुलगा विक्रम शहरात, उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत कामाला आहे, जवळच मच्छ्याला खोली घेऊन राहतो आणि रविवारी मोटरसायकलवरून घरी येतो.

आप्पा त्या तुकड्यात वर्षानुवर्षं तंबाखूचा तरवा करत आले होते. तरवा म्हणजे लावणीसाठी वाढवलेली रोपं. त्याआधी उन्हाळ्यात रानात काट्याकुट्या, पालापाचोळा पसरून जाळायचा, म्हणजे तणाचं बी जळून जातं. बी जळतं तशी बुरशीही जळते. आम्ही तिथली माती आणून तपासली तर तिच्यात बुरशी जवळपास नव्हतीच. आम्हाला हवं होतं ते नेमकं हेच. मी आनंदाने "वा!" म्हणाले तेव्हा आप्पांनी माझ्याकडे बघितलं. जमीन खराब आहे हे ऐकून खूश होणारं माणूस त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं असावं.

आमचा भाग सीमेवरचा, त्यामुळे कॉलेजचा करारनामा कन्नड आणि इंग्रजीत असतो. आप्पा कन्नड फाडफाड बोलतात, पण वाचत नाहीत. विक्रमने वाचून दाखवला असता, पण आम्ही गेलो बुधवारी. मग मीच मुद्दे तोंडी सांगितले: पाणी द्यायचं नाही, खत द्यायचं नाही, बुरशीनाशक अजिबात फवारायचं नाही. आप्पांनी मान डोलावून सही केली. दुसऱ्या पानावरचा शेवटचा मुद्दा सांगायचा राहिला. तो सांगण्यासारखा आहे असं मला वाटलंच नव्हतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मिरचीची लावण झाली. रानाचे चार पट्टे पाडले. प्रत्येक पट्ट्यात दोन भाग, एका भागात साठ रोपं. एका भागात रोप लावताना मुळाखाली एक चमचा तपकिरी भुकटी घालायची, हीच ती बुरशी. दुसऱ्या भागात काही घालायचं नाही. श्रियाने पत्र्याच्या पाट्या रंगवून आणल्या होत्या. एका भागात 'बुरशी' आणि दुसऱ्यात 'कंट्रोल', मराठीत, मुद्दाम घरच्यांना वाचता यावं म्हणून.

मालुबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी पाटी वाचली.

"ह्या कंट्रोलच्या व्हय?"

"हो आक्का, ह्या कंट्रोलच्या. ह्यांना भुकटी द्यायची नाही."

"अजाबात न्हाय?"

"अजिबात नाही."

मालुबाई "बरं" म्हणाल्या आणि पुढच्या ओळीला लागल्या. मी चार हातांच्या अंतरावर उभी होते. हा संवाद मी माझ्या कानांनी ऐकला आणि त्यात मला काही वावगं दिसलं नाही.

जाताना ऐंशीएक रोपं उरली. श्रिया म्हणाली, ती तुम्हीच कुठे तरी लावा, घरच्यासाठी. भुकटीची एक पिशवीही उरली होती. काही रोपं मेली तर त्यांच्या जागी नवी लावताना लागेल म्हणून ती मालुबाईंकडे ठेवली, माजघरात, थंडाव्याला.

मग ऑगस्ट आला आणि पाऊस गायब झाला. सव्वीस दिवस थेंब नाही. आसपासचे लोक आभाळाकडे बघून कासावीस झाले होते आणि माझी विद्यार्थिनी मनातून खूश होती. हा आमच्या धंद्याचा ओंगळपणा आहे, तो मी लपवत नाही. ताण पडल्याशिवाय ताण सोसणं मोजता येत नाही.

श्रिया दर बुधवारी निपाणीची बस पकडायची, फाट्यावर उतरायची आणि चालत जायची. झाडं मोजायची, पानं तपासायची, वहीत लिहायची. ती ओळींचे आकडे घेऊन आली होती, त्यामुळे पाट्या लावलेल्या भागांपलीकडे तिचं लक्ष जात नसे. जेवल्याशिवाय मालुबाई तिला सोडायच्या नाहीत. भाकरी, भाजी, वाटीभर ताक, वर लाल चटणी. त्या स्वतः कधी बरोबर बसल्या नाहीत. "तू जेव गं, आमचं काय, मागनं हुतंय," हे ठरलेलं. मला श्रियाच हे सांगायची आणि आम्ही दोघी कौतुकाने हसायचो.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस परतला आणि त्याच दिवशी श्रिया माझ्या खोलीत आली. छत्री मिटायचंही तिला भान नव्हतं.

"मॅडम, बुरशीवाल्या भागांत दोनशे चाळीसपैकी दोनशे एकोणीस जगली."

"मग रडतेस कशाला?"

"कंट्रोलमध्ये दोनशे चौदा."

मी वही घेतली. आकडे बरोबर होते. ह्या मुलीच्या बेरजा कधी चुकत नाहीत. पाचाचा फरक म्हणजे काहीच नाही. सरळ अर्थ असा, की शेतात बुरशीने काडीचाही उपयोग होत नाही आणि तीन वर्षं आपण माती उकरत बसलो.

"मुळं तपासलीस?"

"नाही."

"आधी मुळं तपास. रडायला अख्खा मार्च पडलाय."

मुळं उकळून शाईत आणि व्हिनेगरमध्ये भिजवली की आतली बुरशी निळी दिसते. दोन दिवसांनी तिने मला सूक्ष्मदर्शकाशी बोलावलं. पहिली काच बुरशीवाल्या भागातली. मुळाच्या आत निळे धागे आणि पेशींमध्ये इवली इवली निळी झुडपं, म्हणजे देवाणघेवाण चालते ती जागा. दुसरी काच कंट्रोलची. तीही तितकीच निळी. मी डोळा बाजूला घेतला, चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. जिथे बुरशी नव्हती, घातली नव्हती, तिथे ती ठाण मांडून बसली होती.

"वाऱ्याने उडून आली असेल का?" श्रियाने विचारलं.

"चारही पट्ट्यांत? एकसारखी?" मी म्हणाले. "उद्या आपण जाऊ."

रान हिरवं झालं होतं. मी बांधावर उभी राहून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बघत गेले, आणि पट्ट्यांच्या शेवटी मला काहीतरी खटकलं. प्रत्येक पट्टा संपतो तिथे, पाटीच्या पलीकडे, एक जास्तीची ओळ होती. तिच्यातली निम्म्याहून जास्त रोपं वाळून काड्या झाली होती आणि उरलेली खुरटलेली. चारही पट्ट्यांच्या शेवटी तसंच.

मालुबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. मागे आप्पा.

"आक्का, ह्या ओळी कुणाच्या?"

"त्या घरच्या. उरलेला तरवा लावा म्हटलतासा न्हवं? त्याच सांजंला लावला."

"मग एका जागी का नाही लावला? प्रत्येक पट्ट्याच्या शेवटी का?"

"आता बगा," मालुबाई मला समजावून सांगायच्या सुरात म्हणाल्या, "चार पंगती बसल्या तर घरची मानसं प्रत्येक पंगतीत शेवटालाच बसत्यात न्हवं? आदी बसत्यात व्हय?"

मला आता अंदाज येत होता. तरी विचारलं, "आणि कंट्रोलच्या ओळींना तुम्ही काही घातलंत का?"

मालुबाईंनी आप्पांकडे बघितलं. आप्पांनी आभाळाकडे.

"मी नगं म्हटलतो," आप्पा म्हणाले.

"घातलं," मालुबाई म्हणाल्या. "तुमची पिशवी हुती न्हवं, त्यातलंच. लावण झाली, तुमी गेलासा, दुसऱ्या दिवशी सकाळी बसून एकेका बुडात खुरप्यानं भोक पाडलं आन् चमचा चमचा घातलं. कंट्रोलच्या म्हनून काय झालं मॅडम? आमीबी जलमभर कंट्रोलचंच खाल्लंय. एकाच पंगतीत एकाच्या पानात वाढायचं आन् दुसऱ्याच्या तोंडाकडं बगत फुडं जायाचं, हे मला जमायचं न्हाय. पानी कुनालाच देऊ नगा म्हटलासा, न्हाय दिलं. ते बरोबर हाय. सगळ्यास्नी सारखं."

आमच्या भागात जुनी माणसं रेशनच्या दुकानाला अजून कंट्रोल म्हणतात. कंट्रोलचे तांदूळ, कंट्रोलची साखर, कंट्रोलचं रॉकेल. माझ्या आजीच्या तोंडी हा शब्द होता. पंचवीस वर्षं मी वर्गात फळ्यावर 'कंट्रोल' लिहिते आहे आणि एकदाही माझ्या कानाला तो दुकानातला कंट्रोल ऐकू आला नाही. ज्यांच्या नावाची पाटी कंट्रोलची त्यांना काही मिळू नये, असं दोन शिकलेल्या बायका बांधावर उभ्या राहून सांगून गेल्या होत्या. मालुबाईंनी ते ऐकून घेतलं आणि केलं नाही. माझ्यावर मीच चिडले, आणि राग गिळायला तिथे पाण्याचा तांब्याच होता.

श्रिया बांधावर बसली. "आक्का, माझी तीन वर्षं गेली हो."

मालुबाईंना कळेना. मग श्रियाने डोळे पुसत सांगितलं, की एकाला द्यायचं आणि एकाला नाही द्यायचं, आणि ज्याला दिलं नाही त्याचं काय होतं ते बघायचं, हाच तर सगळा प्रयोग होता.

"कुनाला उपाशी ठिवल्यावर काय हुतंय, ते बगायला एवडं शिकाया लागतंय?" मालुबाई म्हणाल्या. त्या टोचून बोलत नव्हत्या. त्यांना खरंच प्रश्न पडला होता. मग श्रियाचा चेहरा बघून त्या खाली बसल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. "माज्यामुळं झालं का गं पोरी? आता काय करायचं?"

तोवर मी वाळक्या ओळीतलं एक जिवंत रोप उपटून मुळं बघत होते. डोळ्यांनी काही दिसत नाही, पण हाताला चाळा लागतो.

"घरच्या ओळींना का नाही घातलंत?"

"सरलं की. पिशवीच सरली."

"थोडं थोडं सगळ्यांना घालायचं होतं."

"पाव्हण्यास्नी अर्धपोटी ठिवून आमी खायाचं?"

"अहो, पण तुमची रोपं गेली ना."

"गेली," मालुबाई म्हणाल्या. "वर्साची चटणी तेवड्यावरच हुती. बाकीची मिरची तुमची, कालेजाची. असूं दे. विकत आनू थोडी."

आता बसायची पाळी माझी होती. दुसऱ्या पानावरचा शेवटचा मुद्दा असा होता: वजन करून झाल्यावर सर्व पीक शेतकऱ्याचं. सर्व. आठही भागांतली चारशे ऐंशी झाडं पहिल्या दिवसापासून त्यांचीच होती. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ऑगस्टभर त्या बाईने स्वतःच्या घरच्या चार ओळी डोळ्यांदेखत वाळताना बघितल्या, परक्यांची मिरची हिरवी राहिलेली बघितली, आणि दर बुधवारी श्रियाच्या ताटात गेल्या वर्षीची उरलेली चटणी वाढली. मला फार लाज वाटली. मी सांगितलं तेव्हा आप्पा एवढंच म्हणाले, "आदी सांगायचं न्हवं का, मॅडम?"

एव्हाना श्रिया उठली होती. वाळक्या ओळीत ओणवी होऊन ती मोजत होती.

"काय करतेस?"

"मॅडम, कंट्रोल आहे. हाच कंट्रोल आहे." तिचा आवाज अजून ओला होता. "तोच तरवा, तीच माती, तोच लावणीचा दिवस. फक्त भुकटी नाही. आणि चारही पट्ट्यांत आहे. चार!"

मार्गदर्शक म्हणून मी लगेच पाणी ओतलं. ह्या ओळी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नाहीत. सगळ्या कडेला आहेत. कडेच्या झाडाला ऊन-वारा जास्त, ते तसंही आधी मरतं. परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतील.

श्रिया सरळ झाली. "पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाची ओळही कडेचीच आहे ना? तिला भुकटी मिळालेली आहे. कडेची ओळ कडेच्या ओळीशी लावून बघू."

हे मला सुचायला हवं होतं.

घरच्या ऐंशी रोपांपैकी एकतीस जिवंत होती. दुसऱ्या टोकाच्या चार ओळींतल्या ऐंशीपैकी सत्तर. घरच्या रोपांची मुळं उकळून शाईत भिजवल्यावरही काचेखाली कोरी दिसली. शोधून शोधून एखादा निळा धागा.

आता प्रयोग बिघडवायची पाळी पुन्हा माझी. प्रबंध लिहिताना मी श्रियाला सुचवलं, की हे सगळं रामायण कशाला, 'शेतकऱ्याने राखलेल्या कडेच्या ओळी' असं लिहून मोकळी हो, परीक्षकांना तेवढं पुरतं. ती म्हणाली, "मॅडम, कंट्रोलला भुकटी का मिळाली आणि घरच्यांना का नाही, ते लिहिलं नाही तर मी चोरी केल्यासारखं होईल." आणि तिने लिहिलं. साडेतीन पानं. मी त्यातला एक स्वल्पविरामही काढला नाही.

मार्चच्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक जाड चष्म्याचे, कमी बोलणारे. पहिला प्रश्न तोच आला: ह्या ओळींची जागा कुणी ठरवली?

मालुबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या, शेजारी विक्रम. श्रियाने त्याला सुट्टी काढायला लावून आईला घेऊन यायला सांगितलं होतं.

"मालुबाईंनी," श्रिया म्हणाली. "पंगतीत घरची माणसं शेवटी बसतात म्हणून." मग तिने कडेच्या ओळींचा तक्ता लावला आणि ह्या निष्कर्षाला मर्यादा कुठे आहेत तेही स्वतःच सांगितलं. परीक्षकांनी साडेतीन पानं पुन्हा उलटली. तासाभराने त्यांनी सही केली, आणि हा प्रयोग आणखी एक वर्ष करून बघावा अशी शिफारस जोडली. डॉक्टरेट मिळाली.

जेवण विभागाच्या मागच्या व्हरांड्यात होतं. श्रियाच्या आईने पुरी-भाजी, मसालेभात आणि श्रीखंड आणलं होतं. मालुबाईंनी चटणीचा मोठा डबा आणला होता, त्या आठ भागांतल्या मिरचीची. श्रियाने पहिल्या पंगतीत परीक्षकांच्या शेजारचं पान मालुबाईंना दिलं. त्या नको नको म्हणत बसल्या. श्रिया पदर खोचून वाढत होती. चटणी तिने सगळ्यांना वाढली, मोजून एकेक चमचा.

सगळे जेवायला लागले. मालुबाईंचा हात पानाला लागला नव्हता.

"आक्का, जेवा की."

"तुजं पान कुठं हाय?"

"मी मागून बसते. मी घरची ना."

मालुबाईंनी तिच्याकडे बघितलं. मग आपलं पान हाताने थोडं सरकवलं आणि शेजारी जागा केली.

"बस हितं. घरच्यास्नी मागं ठिवलं की काय हुतंय, ते तूच लिवलंयस न्हवं त्या बुकात?"

श्रिया तिथेच उभी राहिली, हातात चटणीचा डबा धरून. मी तिच्या हातातून डबा आणि चमचा काढून घेतला. ती बसली. मग मी एक पत्रावळ उचलली आणि तिला वाढायला घेतलं.